पोहे घरचे, शेव हुकुमची

२ नोव्हेंबर, सकाळी ९
आजपासून काटकसर. निश्चय पक्का.
कारण लिहून ठेवतो. रोज सहाला टेकडी चढायची, देवीचं दर्शन घ्यायचं, उतरलं की हुकुम भियाच्या ठेल्यावर पोहे आणि चहा. आम्ही चौघं : मी, जयसिंगराव, फत्तेसिंग आणि बापूलालजी. पैसे पाळीने, रोज एकाने. बावीस वर्षं असंच चाललंय. आज माझी पाळी. फत्तेसिंगांनी पोह्यांच्या दोन प्लेटा खाल्ल्या, वर जिलबी. एकशे सत्तर रुपये! ह्या माणसाला बरोबर माझ्याच पाळीला भूक लागते. स्वतःच्या पाळीला म्हणतो, आज पेट जरा भारी है.
छत्तीस वर्षं नोट प्रेसमध्ये काढली. पैसा होतो कसा, हे मला कुणी शिकवू नये. जातो कसा, ते रिटायर झाल्यावर कळतंय. परवा प्रणव पुण्याहून फोनवर म्हणाला की बाबा, तुम्हाला फायनान्शियल डिसिप्लिन नाही. पोटचा मुलगा! आता बघच.

३ नोव्हेंबर
ठेल्यावर जाहीर केलं की उद्यापासून ज्याचं त्याने द्यायचं. जयसिंगरावांनी विचारलं, तब्येत ठीक आहे ना. बापूलालजींनी आवाज खाली करून विचारलं, घर में कोई तकलीफ तो नी? मी सांगितलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तिघांनी माना डोलावल्या. पटलं त्यांना.

४ नोव्हेंबर
फोनमधून यूपीआय काढून टाकलं. नुसतं स्कॅन केलं की पैसे गेल्याचं दुःखच होत नाही, हीच तर त्यातली मेख. ह्यापुढे रोकड. रोकड कपाटात, किल्ली विद्युल्लतेकडे, माझा खिसा रिकामा. विद्युल्लता म्हणाली, किल्ली मागाल तेव्हा कारण विचारीन. विचार म्हटलं. बायको अशी हवी.
संध्याकाळी आठवडी हाटातून थर्मास आणला. एकशे ऐंशी. (हा खर्च नाही, गुंतवणूक आहे.)

५ नोव्हेंबर
घरचा चहा थर्मासमध्ये, घरचे पोहे डब्यात. बसायला ठेल्याचाच बेंच. हुकुमला म्हटलं, वरून जरा शेव आणि जीरावन मसाला टाक. टाकलं त्याने. फुकट! बावीस वर्षं हे सुचलं कसं नाही?
तिघांनी मात्र आपसांत जुनीच पाळी चालू ठेवलीय. सवय जायला वेळ लागतोच.

६ नोव्हेंबर
आज तिघांनीही काहीच खाल्लं नाही. चहासुद्धा नाही. नुसते बसून माझ्याकडे बघत होते. इतक्या लवकर परिणाम होईल असं वाटलं नव्हतं.

९ नोव्हेंबर
हुकुम आगाऊ झालाय. म्हणतो, भिया, पोहे घर के, चाय घर की, तो ये दुकान किसकी? मी त्याला समजावलं की बेंचवर चार भली माणसं दिसली की गिऱ्हाईक थांबतं. मी बसतो ही त्याची जाहिरात आहे, आणि तिचेही मी पैसे घेत नाही. तो काहीतरी पुटपुटला. बापूलालजींनी त्याला बाजूला नेऊन शांत केलं. भला माणूस.

१० नोव्हेंबर
आज पुन्हा तिघंही उपाशी. छान चाललंय.

१२ नोव्हेंबर
घरात बंड. विद्युल्लता म्हणते की मी पहाटे पाचला उठून पोहे करते, त्या माझ्या झोपेचे किती लावलेत? झोपेला पैसे पडत नाहीत असं सांगितलं. उद्यापासून माझे पोहे मी करायचे असं ठरलं. करतो की! त्यात काय आहे?

१३ नोव्हेंबर
पोहे जरा जास्त भिजले. चमच्याने कापून खाल्ले. शेव टाकल्यावर चव कळत नाही.
फत्तेसिंगांना मित्र म्हणून सांगितलं की दुसरी प्लेट ते वर्षाला सात हजाराला खातात. घास हातातच राहिला त्यांचा. डोळे उघडले असावेत.

१५ नोव्हेंबर
फत्तेसिंग आले नाहीत. बाहेरचं खाणं सोडलं असणार. कुणाला तरी माझ्यामुळे शहाणपण आलं.

१८ नोव्हेंबर
ठेल्यावर बापूलालजी नाहीत. फोन केला तर म्हणाले, घुटने में दरद है. टेकडीच्या पायऱ्या मात्र माझ्यापुढे दोन-दोन चढत होते. उतरताना कुठे जातात कोण जाणे.
हुकुमने पुठ्ठ्यावर पाटी लावलीय : शेव अलग से, पाच रुपये. माझ्यासाठी नसावी. तरी आज शेव मागितली नाही.

२१ नोव्हेंबर
जयसिंगरावही नाहीत. म्हणजे तिघंही सुधारले. चळवळ यशस्वी.
बेंच लांब आहे. आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर
कडाक्याची थंडी. थर्मासमधला चहा टेकडी उतरेपर्यंत गार होतो. हाटवाल्याने बारा तासांची गॅरंटी दिली होती. पुढच्या हाटाला तो दिसला नाही.
विद्युल्लतेला भाजी बाजारात इंदिराबाई भेटल्या, जयसिंगरावांच्या मंडळी. त्या म्हणत होत्या की हल्ली हे सकाळी फार उशिरा येतात, गप्पाच संपत नाहीत म्हणे. हे सांगून विद्युल्लता माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, देवळात बसत असतील. खर्च नाही.

२ डिसेंबर
पाच दिवसांत घराबाहेर कुणाशी बोललो त्याची यादी : दूधवाला. तोही पैशावरून.
लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. नोट प्रेसमध्ये दिवसभर कुणी ना कुणी हाक मारायचं. आता नीलकंठराव म्हणून हाक मारणारे तेवढे तिघंच होते. त्यांची आठवण येते. फत्तेसिंगांचीसुद्धा.
पण मी माघार घेणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

७ डिसेंबर
हुकुमने सांगून टाकलं. तिघंही रोज मागच्या गल्लीतल्या ठेल्यावर बसतात. म्हणाला, आपके चक्कर में मेरे तीन ग्राहक गए. मी म्हटलं चार. तो हसला.
म्हणजे माझ्यावाचून चाललंय त्यांचं! बावीस वर्षांची दोस्ती, आणि मला कळवलंही नाही. जाणार नाही मी तिकडे. बोलावलं तरी जाणार नाही.

८ डिसेंबर, सकाळी १०
गेलो. नुसतं बघायला.
लांबून पाहिलं तर तिघं बेंचवर बसलेले आणि समोर काहीही नाही. प्लेट नाही, ग्लास नाही. ऊर भरून आला. पुढे जाऊन तिघांचं अभिनंदन केलं, म्हटलं, शेवटी माझा मार्ग धरलात.
जयसिंगराव म्हणाले, नीलकंठराव, आज तुमची पाळी आहे.
मला काही कळेना. मग फत्तेसिंगांनी सांगितलं की दर चौथ्या दिवशी ते असेच बसतात, उपाशी. चौथी पाळी माझी, ती दुसऱ्याने कशी भरायची? हुकुमकडेही गेल्या महिन्यात सहा तारखेला आणि दहाला असेच बसले होते. मग तिकडून उठलात का, असं विचारलं. तर म्हणाले, तुम सामने बैठके प्लेट गिनते हो भिया, गले से निवाला नी उतरता. आणि बापूलालजींनी अगदी संकोचत सांगितलं की हुकुमकडच्या माझ्या शेवेचे रोजचे पाच रुपये ते देत होते. ते यायचे थांबले आणि पाटी लागली.
ठेलेवाल्याला ओरडून सांगितलं, चार पोहे, चार चहा, आज माझ्याकडून!
सगळे खाऊन उठल्यावर खिशात हात घातला. खिसा रिकामा. फोन काढला. यूपीआय नाही. किल्ली घरी, विद्युल्लतेकडे. तिघंही माझ्याकडे बघत होते. पैसे जयसिंगरावांकडून उसने घेतले. एकशे सत्तर. फत्तेसिंगांनी दोन प्लेटा खाल्ल्या, वर जिलबी.
डोळ्यांत जीरावन गेलं. तिखट असतं ते.
घरी येऊन किल्ली मागितली. विद्युल्लतेने कारण विचारलं नाही.
उद्यापासून पुन्हा हुकुमकडे. पहिली पाळी जयसिंगरावांची. मी दोन प्लेटा घेणार आहे.