मोठ्या स्क्रीनवर अठ्ठ्याऐंशीची फायनल

मंगळवार, २ डिसेंबर २०२५

स्क्रीन आली! टेम्पोतून चौकोनी तुकडे उतरवले, लोखंडी सांगाडा उभा केला आणि लाद्या बसवाव्यात तसे एकाला एक जोडत गेले. दुपारपर्यंत मैदानाच्या एका बाजूला अख्खी भिंत तयार. चालू केली तेव्हा भर उन्हातही डोळे दिपले.

आमचा जुना गुणफलक व्यायामशाळेच्या मागे टेकवून ठेवलाय. तीस वर्षं मी त्याच्यावर पत्र्याचे आकडे टांगले. ऑफिस सुटलं की थेट मैदानात, ओढणी खोचून. साताच्या आकड्याचं भोक मोठं झालेलं, तो कायम तिरका. पोरं ओरडायची, "दर्शनाचा सात आला!"

वैभव म्हणाला, "काकी, आता तुम्ही खुर्चीत बसायचं. पाहुण्या!" मंडळाचा सेक्रेटरी तो, पोरगा चांगला आहे. पण पाहुणी? मी? घोडपदेवच्या ह्या मातीत माझे दोन्ही गुडघे फुटलेत!

गुरुवार, ४ डिसेंबर

स्क्रीनची ट्रायल. मुलींचा कबड्डीचा सरावाचा सामना लावला होता. एका चढाईत वाद — टच झाला की नाही? पूर्वी असं झालं की अर्धी चाळ मैदानात उतरायची. आज सगळे गप्प, माना वर. तीच चढाई परत दिसली, हळूहळू. चढाई करणाऱ्या मुलीचं नख समोरचीच्या गुडघ्याला लागताना दिसलं. नख!

वैभव म्हणाला, "बघा काकी, आता खोटं बोलायची सोयच नाही."

मी हसले. घरी येऊन पोळ्या केल्या, दोन करपल्या.

रविवार, ७ डिसेंबर

लालबागच्या दौलतच्या फोटो स्टुडिओत जुनी कॅसेट सापडली. त्याच्या वडिलांनी शूटिंग केलेलं — आमची १९८८ची फायनल. दौलतने ती कॉम्प्युटरवर घेतली. शुक्रवारी आमच्या स्पर्धेचं उद्घाटन, रविवारी यंदाची फायनल; उद्घाटनालाच ती स्क्रीनवर दाखवणार. वैभव नाचतोय नुसता. "काकी, शेवटची चढाई स्लो करून दाखवणार! तुमची!"

दादरच्या संघाची व्हायोला, तिलाही आमंत्रण द्यायचं म्हणतो. पत्ता मलाच विचारला. दिला.

सोमवार, ८ डिसेंबर

लिहूनच टाकते. सदतीस वर्षांत कुठेच लिहिलं नाही.

तेव्हा मैदानावर मॅट नव्हती. सकाळपासून आम्हीच पाणी शिंपडायचो, खडे वेचायचो. पाण्याने माती दबली की काय वास सुटायचा! हाफ पॅन्ट घालून खेळतो म्हणून बायका नाकं मुरडायच्या आणि सामना सुरू झाला की त्याच बायका गॅलरीतून घसा फोडायच्या. मिलच्या संपात बसलेली ती माणसं, अर्ध्यांना परत कामच मिळालं नव्हतं — पण आमच्यासाठी लिमलेटच्या गोळ्या घेऊन यायची. बाबा भिंतीवर बसायचे. चढाईला निघताना मी एकदा तिकडे बघायचे. बस्स. तेवढ्यावर दम पुरायचा.

फायनल. एकवीस-एकवीस. शेवटची चढाई माझी. डाव्या कोपऱ्यात व्हायोला. तिच्या हातात पाय सापडला की संपलं! मी हात टाकला. पोचला नाही. वीतभर लांब राहिला. दम सुटत होता. फिरले, मध्यरेषा ओलांडली आणि ओरडले — "टच!"

का ओरडले? आजही माहीत नाही. तोंडातून गेलं.

पंचांनी व्हायोलाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मग तिने हात वर केला आणि मैदानाबाहेर चालत गेली. तेव्हा रीतच होती — स्पर्श झाला की खेळाडूने स्वतःहून जायचं. पंचांनी गुण दिला. मला खांद्यावर घेऊन नाचले सगळे.

निवड समिती समोरच बसली होती. महिन्याभरात राज्याच्या संघात माझं नाव. वर्षाने खेळाडू म्हणून सरकारी नोकरी. येत्या जूनमध्ये रिटायर होईन. व्हायोला परत कधी खेळली नाही.

माझ्या शब्दावर ती बाहेर गेली. तिला वाटलं असेल, दर्शना खोटं बोलणार नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

वैभवला सांगू — कॅसेट लावू नको? काय कारण सांगू?

बुधवार, १० डिसेंबर

दादरला जाऊन आले. चर्चच्या मागच्या गल्लीत, तेच घर. केस कापलेले, पांढरे. खांदे मात्र तसेच!

"अगो, दर्शना! ये, ये!" नाताळचे कुलकुल करत होती, गोड पिठाच्या गोळ्या जेवणाच्या काट्यावर वळत. मीही बसले वळायला. तासभर नुसत्या जुन्या गोष्टी. अंबरनाथची स्पर्धा, तिथला तो पातळ वरण-भात, ट्रकमधून गाणी म्हणत परत येणं. हसून हसून डोळ्यांत पाणी. वाटलं, नकोच सांगायला.

पण सांगितलं. "व्हायोला, त्या चढाईत मी तुला टच केलं नव्हतं."

हातातला काटा थांबला. चेहरा एकदम पांढरा. माझ्याकडे बघेना.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. पण शुक्रवारी ते स्क्रीनवर दाखवणार आहेत. स्लो करून. सगळ्यांना दिसेल."

ती उठली. "तू जा आता."

"व्हायोला, माफ—"

"जा गो. प्लीज."

जिना कसा उतरले कळलं नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

वैभवचा निरोप. व्हायोला येणार नाही म्हणाली. कारण दिलं नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

संध्याकाळी सहाला उद्घाटन. मैदान भरलेलं. आमच्या संघातल्या चौघी आल्या होत्या, नातवंडं घेऊन. मी वैभवच्या हातातून माइक घेतला. तो हसला, त्याला वाटलं आठवणी सांगणार.

म्हटलं, "शेवटच्या चढाईत मी टच केलं नव्हतं. खोटं बोलले. दादरची व्हायोला माझ्यामुळे बाद झाली. आता बघा."

मग कॅसेट सुरू झाली.

मी चढाई बघायला उभी होते, पण आधी दिसलं सगळं बाकीचं. मागे मिलची चिमणी. गॅलरीतल्या बायका. आणि भिंतीवर बाबा! पांढरा सदरा, पाय हलवतायत. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली आणि इथे माणसापेक्षा मोठे, चकचकीत प्रकाशात. मला रडूच आलं. चढाई आली तेव्हा डोळे पुसत होते.

हात. पाय. मधे वीतभर माती. सगळ्यांनी पाहिलं.

कोणीतरी मागून हसलं. आमची प्रिती, त्या संघातली कॅप्टन, नातवाला उचलून निघून गेली. जाताना म्हणाली, "आमचाही कप घेऊन गेलीस तू आज." बरोबर आहे तिचं.

वैभव हळूच म्हणाला, "काकी, काय गरज होती?"

"तूच म्हणालास ना, सोय नाही आता."

शनिवार, १३ डिसेंबर

मैदानावर गेले नाही. चाळीत दोघी-तिघींनी पाठ फिरवली. समोरच्या आजी मात्र वाटीभर खीर देऊन गेल्या. पोट भरून जेवले.

रविवार, १४ डिसेंबर

सकाळी दारात व्हायोला! चार मजले चढून धापा टाकत होती. बसलीही नाही.

"शुक्रवारचा व्हिडिओ बघितला. मुलीने मोबाइलवर दाखवला. दर्शना, तुझा हात आला नव्हता ते मला तेव्हाच दिसलं होतं."

"मग हात का वर केलास?"

"जिंकलो असतो तर राज्याच्या कॅम्पला माझं नाव पक्कं होतं. महिनाभर पुण्याला. मम्मी अंथरुणावर, घरात मी एकटी. सरांना नाही म्हणायची हिंमत नव्हती. तू ओरडलीस आणि मला वाट मिळाली." मग म्हणाली, "माझ्या सहा जणी रडत घरी गेल्या गो. काल त्यातलीच एक फोनवर म्हणते, बिचारी व्हायोला."

मी पाण्याचा पेला पुढे केला, तिने तो बाजूला ठेवला.

"आज फायनल आहे ना? मला माइक मिळेल?"