तिसऱ्यांदा कोणी विचारलं?

एल्क लेक, मिनेसोटा
११ डिसेंबर

प्रिय ऑर्लिनदादा,

धाकट्या आर्व्हिडचा नमस्कार, मिर्टलवहिनींनाही सांग. तुझा गुडघा कसा आहे? इकडे थंडी बेताचीच आहे, म्हणजे काल टपालपेटीचं झाकण उघडायला गेलो तर ते तुटून हातात आलं, एवढीच. माझी तब्येत बरी आहे. कुत्रंही बरं आहे. फेब्रुवारीत माझी लॅव्हॉन गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि दोघांनाही स्वयंपाक येत नाही, पण चाललंय.

तुला तिकडे फिनिक्सच्या कोर्टातून ज्यूरीचं बोलावणं आलंय आणि मी नुकताच त्यातून सुटलोय, म्हणून ‘तिथे काय वाढून ठेवलंय ते कळव’ असं तू लिहिलंस. दादा, वाढून काहीच ठेवलेलं नसतं, डबा घेऊन जा. आणि गॅलस घालून जाऊ नकोस. दारातली ती कमान कुईंकुईं करते, मग पट्टा काढा, बूट काढा, गॅलस काढा, आणि आपल्या वयाच्या माणसाने विजार धरून भिंतीशी उभं राहायचं (माझ्या पुढे चर्चमधली पियानो शिकवणारी आर्डिस होती, तिने सभ्यपणे छताकडे पाहिलं). मग तळघरात शाळेच्या जुन्या खुर्च्यांवर बसवतात आणि नागरिकाच्या कर्तव्यावर एक चित्रफीत दाखवतात. आमच्या वेळी तिला आवाजच नव्हता. पण सांगणार कोण? लावणाऱ्या पोरीला उगाच वाईट वाटलं असतं. आम्ही अख्खी फीत मुकाट पाहिली आणि शेवटी टाळ्या वाजवल्या. पोरीला वाटलं आवडली, म्हणून तिने परत लावली.

कॉफीचं तर विचारूच नकोस. ज्यूरीची व्यवस्था बघणारा बेलीफ टेक्ससहून आलेला, नवा माणूस. मोठी किटली घेऊन आला आणि म्हणाला, “कॉफी घेणार का?” आम्ही सगळे अर्थातच म्हणालो, “नको नको, कशाला त्रास.” आणि तो माणूस किटली घेऊन चक्क निघून गेला! तू इतकी वर्षं उन्हात राहून विसरला असशील म्हणून आठवण करून देतो : आपल्याकडे पहिलं ‘नको’ शिष्टाचाराचं, दुसरं ‘नको’ समोरच्याला खरंच द्यायचंय का ते बघण्यासाठी, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर जे तोंडातून येईल ते खरं. आई पाहुण्यांना केक असाच वाढायची. तर त्या किटलीचा वास दुपारपर्यंत जिन्यात घुटमळत होता आणि आम्ही तिच्याशिवाय बसलो होतो.

खटला व्हर्ना हॉगडालवर होता. शाळेची बस चालवते ती, तू गाव सोडल्यावर लागली. आरोप चोरीचा. शिक्षा फार मोठी झाली नसती, पण चोरीचा शिक्का बसला की शाळा तिच्याकडून बस काढून घेणार, आणि व्हर्नाला बसशिवाय दुसरं काही नाही : नवरा नाही, मूल नाही, गावातल्या प्रत्येक पोराचा वाढदिवस मात्र तिला पाठ. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपीला कोण कोण ओळखतं? सगळ्यांचे हात वर (त्यांचाही अर्धा वर गेला होता, त्यांची मुलं तिच्याच बसने जातात). तरीही निःपक्षपातीपणे कोण निकाल देऊ शकेल? परत सगळे हात वर, कारण एकट्याने हात खाली ठेवणं बरं दिसत नाही. मग सहा जण निवडले, त्यात मी आणि आर्डिस. मी दाराजवळच्या खुर्चीत होतो म्हणून मला ज्यूरीचा प्रमुख केलं. दाराजवळ कधी बसू नकोस.

हकिगत अशी. गॉर्डी क्वाम व्हर्नाचा शेजारी. हिवाळ्यात तळ्याच्या बर्फावर त्याची मासेमारीची खोपटी असते. मार्चमध्ये ठरल्या तारखेआत ती काढली नाही तर दंड, आणि बर्फ मऊ झालं तर खोपटी सरळ तळाला. गॉर्डीची कंबर धरलेली. व्हर्ना म्हणाली, “ओढून आणू का?” तो म्हणाला, “छे छे, कशाला.” दोन दिवसांनी तिने परत विचारलं, तो परत म्हणाला, “राहू दे गं, बघतो मी.” पुढच्या आठवड्यात व्हर्नाने खोपटी ओढली आणि स्वतःच्या गोठ्यामागे नीट झाकून ठेवली. त्याला सांगितलं का? नाही. सांगणं म्हणजे आभार मागणं. गॉर्डीला खोपटी रोज जाता-येता दिसत होती. त्याने विचारलं का? नाही. विचारणं म्हणजे आळ घेणं. शेवटी तो शेरीफला म्हणाला, “तुम्हीच जरा अंदाज घ्या, पण तिला वाईट वाटू देऊ नका.” शेरीफ नवा, त्याने थेट गुन्हा नोंदवला. आणि आता तक्रार मागे घेतली तर शेरीफचे कष्ट वाया जातील म्हणून गॉर्डी गप्प. खटल्याच्या दिवशी व्हर्नाची गाडी थंडीने सुरू होईना, तेव्हा तिला कोर्टात आणलं कोणी? गॉर्डीने, आपल्या ट्रकमधून.

सरकारी वकील शिकागोचा पोरगा, बूट असे की बर्फात दोन पावलं टिकणार नाहीत. त्याने गॉर्डीला दरडावून विचारलं, “तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात ना?” गॉर्डी म्हणाला, “हो.” “एकदा नव्हे, दोनदा?” गॉर्डी खाली बघत म्हणाला, “हो. दोनदाच.” सगळं कोर्ट खुर्चीत हललं. वकिलाला वाटलं, जिंकलो.

आम्हाला खोलीत कोंडलं. मी चिठ्ठ्या वाटल्या. सहाही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर : ‘बाकीचे म्हणतील तसं’ (एक माझीच होती). परत वाटल्या; ‘मला काहीही चालेल’ सहा वेळा. बाहेर अंधारायला लागलं होतं, पोटात कावळे ओरडत होते, आणि खिडकीतून खाली व्हर्नाची बस दिसत होती. बदली ड्रायव्हर ती वळवताना तिसऱ्यांदा फुटपाथवर चढवत होता. मला माणसांचा, माझ्यासकट, मनापासून कंटाळा आला. मी म्हटलं, “अहो, बाई घरी बसेल! तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं की नाही, एवढाच प्रश्न आहे.” मग आर्डिस अगदी हळू म्हणाली, “गॉर्डीच सांगत होता ना, खोपटी गेली त्या सकाळी व्हर्ना ट्रकला आकडा लावून त्याच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून थांबली होती, आणि त्याने खिडकीतून हात केला?” गॉर्डी म्हणे तो हात नमस्काराचा होता. पण आकडा लावून फाटकाशी थांबणं म्हणजे विचारणं नव्हे तर काय! आणि त्यावर हात करणं म्हणजे हो. मी तिसऱ्यांदा चिठ्ठ्या वाटल्या. सहाही चिठ्ठ्यांवर स्वच्छ शब्दांत ‘निर्दोष’.

निकाल ऐकून व्हर्नाने हातमोजे घातले, काढले, परत घातले. गॉर्डी आधीच उठून ट्रक तापवायला गेला होता. सोमवारपासून बस तिच्याकडे आली. खोपटी अजून तिच्याच गोठ्यामागे आहे, ‘नेऊ का?’ असं गॉर्डीने आतापर्यंत एकदा विचारलं म्हणे.

मी घरी आलो. एवढी गोष्ट घेऊन आलो आणि सांगायला कुत्रं. लॅव्हॉन गॉर्डीच्या ‘दोनदाच’वर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली असती. मला तिची फार आठवण आली. कुत्र्याने ऐकून घेतलं.

तर असं. फार काही नसतं, जाऊन ये. वहिनींची काळजी घे.

तुझा,
आर्व्हिड

ता. क. — नाताळला इकडे यायचं मनात आलं तर ये. नाही आलं तरी काही बिघडत नाही, गुडघा सांभाळ.

आणखी एक ता. क. — वरची खोली मी झाडून ठेवली आहे, सहजच. एप्रिलमध्ये तू फोनवर विचारलंस, “येऊन राहू का थोडे दिवस?” मी नको म्हटलं. तू परत विचारलंस, मी परत नको म्हटलं, आणि तू फोन ठेवलास. मी बराच वेळ तिथेच उभा होतो, परत वाजेल म्हणून. तुझा दोष नाही, तिकडे दोनदाच विचारत असतील. नाताळला येशील का? अडचण असेल तर राहू दे.

शेवटचा ता. क. — दादा, ये. (हे तिसऱ्यांदा.)