खरखर बंद

सांगली, १८ फेब्रुवारी १९४५, रविवार
शेजारच्या हरणाबाईचा मुलगा गुंडा इटलीच्या फ्रंटवरून रेडिओवर बोलणार! १ मार्चला, सायंकाळी. तीन वर्षांनी पोराचा आवाज ऐकणार बाई. गल्लीत रेडिओ एकट्या माझ्याकडे. पण समोर याकूबची पिठाची गिरण. मोटर फिरली की रेडिओत नुसती खरखर. हरकत नाही. फिल्टर करतो. लष्कराच्या सिग्नल खात्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केलीय, गंमत नाही.

२० फेब्रुवारी
तत्त्व सोपं. मोटरमध्ये ठिणग्या उडतात, तिथून खरखर निघते. तांब्याच्या तारेची कॉइल ती अडवते, कंडेन्सर जमिनीत सोडून देतो. पुस्तक म्हणतं, फिल्टर मोटरपाशीच बसवावा. पण याकूबशी बोलणं बंद आहे. दळणात खडे निघाले होते. रेडिओपाशी बसवू. फरक काय पडतो?

२२ फेब्रुवारी, सकाळ
याकूब आपणहून आला. "त्या सांजंला गिरण बंद ठेवतो की, लालासाब." नको म्हणालो. सायन्स असताना उपकार कशाला?

२३ फेब्रुवारी
कॉइल लाटण्यावर गुंडाळली. सौ.ला नेमकं आजच लाटणं हवं होतं. कटकट.

२५ फेब्रुवारी
मिरजेहून कंडेन्सर आणला. विजेच्या वायरीत बसवला. खरखर तशीच. उद्या पहाटे उठून नव्यानं.

२६ फेब्रुवारी
उठणं झालं नाही. झोपही नाही. हरणाबाई दोनदा विचारून गेली, "मशीन झालं का वो?" झालंच म्हणालो.

२७ फेब्रुवारी
जमलं!! फिल्टर एरियलच्या तारेत घातला. गिरण चालू, रेडिओ गप्प. स्टेशनही लागलं नाही, पण ते त्या वेळी बंद असणार. सौ. म्हणाली, एकदा गाणं लावून बघा. बायकांना थिअरी कळत नाही.

१ मार्च, सायंकाळ
सगळी गल्ली घरात. हरणाबाई नवं लुगडं नेसून पुढं. रेडिओ लावला. खरखर नाही. सगळ्यांना म्हणालो, बघा. सगळे बघत बसले. मी खुंट्या पिळत होतो. शेवटी सौ. म्हणाली, "आवं, त्यो बोलून जाईल!"

फिल्टर उपटला. आवाज आला तो कढईत लाह्या फुटल्यासारखा. याकूब दारातच उभा होता. पळत जाऊन त्यानं मोटर बंद केली. आणि स्वच्छ ऐकू आलं, "...म्हस इकू नगं, आये. राम राम."

मग दुसराच कोणी सोल्जर.

हरणाबाई हसत होती, डोळे पुसत होती. म्हैस गेल्या साली विकलीय तिनं. माणसं पांगली तरी ती बसून राहिली. म्हणाली, "तुमी मशीनीला कान लावून होतासा. आदी काय म्हणला वो त्यो?"

खुशाल आहे म्हणाला, मी सांगितलं.

"आनि खोकला?"

गेला, म्हणालो.