शिवरात्रीपर्यंत बॉनेट

रविवार, ३० जानेवारी १९५५

अनंताला काढलं. भर स्टेशनच्या नाक्यावर, सगळ्यांदेखत. बरं केलं!

झालं ते असं. कारखान्यातले शरदचंद्र साहेब पानाच्या गादीपाशी उभे. माझी मोटर उन्हात. साहेबांनी चष्मा सारखा केला, बॉनेटवर वाकले आणि म्हणाले, "दौलतराव, मोटर पेंढ्यानं घासता काय? म्हशीसारखी?" अख्खा नाका हसला. मीही वाकून पाहिलं. काळ्या रंगात सूर्य चमकत होता, आणि त्याच्याभोवती गोल गोल बारीक रेघा — कोळ्यानं जाळं विणावं तशा. सावलीत कधी दिसल्या नव्हत्या.

डोकं फिरलं. अनंताला म्हटलं, "ड्रायव्हर कसला तू! कुजका हात तुझा. किल्ली ठेव." तो म्हणाला, "काका, हे माझ्या हातचं नाही." किल्ली ठेवली आणि पालेगावच्या वाटेनं चालत गेला.

साहेबांचं म्हणणं — मुंबईला न्या, सगळा रंग काढून नवा मारा, हातानं हे जात नसतं. म्हटलं, जातं! शिवरात्रीला देवळासमोर भर उन्हात उभी करतो. एक रेघ दाखवा, मोटर विकून टाकीन, जन्मात पुन्हा घेणार नाही.

तोंडातून निघून गेलं. आता गेलं ते गेलं. तीन आठवडे आहेत.

सोमवार, ३१ जानेवारी

काशीनं नवऱ्याचं ताट आदळलं — अनंताला काढल्याचा राग. वरण पातळ. समजायचं ते समजलो.

बुधवार, २ फेब्रुवारी

स्वतःच्या अकलेनं खोबरेल चोपडलं. रेघा गायब! कारखान्याकडे तोंड करून मिशीवरून हात फिरवला. दुपारपर्यंत तेल सुकलं, रेघा जागच्या जागी. वर धूळ चिकटलेली — लाडूला खसखस लागावी तशी.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

माझे कान तिखट आहेत, हे एक देवाचं देणं. निर्वासितांच्या कॅम्प तीनच्या चहावाल्याकडे दोन सिंधी व्यापारी बोलत होते. कुणी लोकूमल, आता बराकीबाहेर कटपीस विकतो. कराचीत मोटरींच्या शोरूममध्ये पॉलिश करायचा म्हणे. चहा टाकून उठलो.

ह्याच कॅम्पात लढाईच्या वेळी लष्कराच्या खेचरांपुढे गवताचे भारे टाकत होतो. आज इथली निम्मी दुकानं माझ्या भट्टीच्या विटांची आहेत. कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा हेही येईल.

लोकूमल वाळका, पन्नाशीचा. आधी नाहीच म्हणाला. "साईं, वो काम कराची में रह गया." मग म्हणाला, हात दाखवा. माझा पंजा उलटसुलट करून पाहिला. "मजूर का हाथ है. चलेगा." शेठजी म्हणणारे पुष्कळ भेटतात. ह्या माणसाचं बोलणं आवडलं.

सोमवार, ७ फेब्रुवारी

पहिला धडा. मोटर सावलीत, पत्रा थंड. आधी नुसतं पाणी, वरून खाली, भरपूर. मग साबणाचं पाणी एका बादलीत, फडकं पिळायला दुसरी बादली. फडकं जमिनीवर पडलं की संपलं — झटकून चालत नाही. मग फलालिनीच्या तुकड्यावर बोटभर मसाला (डबीवर इंग्रजी नाव आहे, लोकूमल मसालाच म्हणतो) आणि पंजाएवढीच जागा. गोल फिरवायचं नाही! काचेकडून नाकाकडे, सरळ जायचं, सरळ यायचं. जोर नाही.

पाचव्या मिनिटाला फडकं काळंकुट्ट! मी ओरडलो, "अरे, रंग निघाला!" तो हसला. "निकलेगा ही. लकीर खड्डा है, साईं. खड्डा भरता नहीं. आजूबाजू की ज़मीन थोड़ी उतरती है. इसीलिए धीरे. किनारे पे तो हाथ रखना ही मत, वहाँ रंग पतला."

मग डोळे मिटायला लावले. "सुनो." स्वच्छ फडकं फिरलं — नुसती हवा. मग चिमूटभर माती टाकून फिरवलं, रद्दी पत्र्यावर. कर्र. अगदी बारीक, दाताखाली खडा यावा तसं. "ये आवाज़ आया तो हाथ उठा लो." माझ्या कानांना उगाच तिखट म्हणत नाहीत. दहातून दहा वेळा ओळखलं. लोकूमल खूश!

बुधवार, ९ फेब्रुवारी

पंजा-पंजा करत अर्धं बॉनेट झालं. खांदा उठलाय. शरदचंद्र साहेबांनी शिपायाबरोबर निरोप धाडला — म्हैस कशी आहे? म्हटलं, सांग, दूध देतेय!

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

हे लिहावं की नाही. लिहितो.

सोनिवलीहून चार माणसं विटा बघायला आली. मोटरीपाशी घेऊन गेलो. झालेला भाग चकचकीत, त्यावर सकाळची धूळ. खांद्यावरचं उपरणं काढलं आणि गोल गोल पुसत म्हटलं, "हे बघा, तोंड दिसतं —"

कर्र.

हात उचलला. माणसं तोंडाकडे बघत होती. मी उपरणं नाकाशी नेलं. भट्टीची तांबडी भुकटी. दिवसभर भट्टीवर असतो, उपरण्यात तीच भरलेली.

मोटर घेतल्याला आठ महिने! जो येईल त्याला मोटर दाखवली आणि दर वेळी ह्याच उपरण्यानं पुसली. अनंता दोनदा म्हणाला होता, "काका, कोरडं नको, आधी पाणी मारतो." मी म्हणालो होतो, "मला शिकवू नको."

पान फाडावंसं वाटतंय. नाही फाडत.

शनिवार, १२ फेब्रुवारी

महिपतीदादाला सांगितलं. थोरला भाऊ, म्हटलं काही सुचवील. म्हणाला, "गप र्‍हा. मालक कंदी ड्रायवरचे पाय धरतं का? पैज जिंक, मंग गुपचूप बोलाव त्याला." मला पटलं. फार पटलं. काशीला तेच सांगितलं.

ती म्हणाली, "शिवी नाक्यावर दिलीव, नि माफी सैपाकघरात काय?"

मंगळवार, १५ फेब्रुवारी

काशीनं बातमी आणली. अनंता बदलापूरच्या भातगिरणीच्या मालकाकडे गेला होता, मग तिथल्या डॉक्टरांकडे. दोघांनीही एकच विचारलं — "दौलतशेठनं काढला तोच ना तू?" परत पाठवलं. घरी म्हातारी आई, आणि लष्करात गाडी शिकलेला पोरगा आता कुणाच्या खळ्यावर पोती उचलतोय.

आज डावी बाजू संपवली. महिपतीदादा येऊन म्हणाला, नवा ड्रायव्हर बघू का? म्हटलं, नको.

शनिवार, १९ फेब्रुवारी

मेण लावून झालं. लोकूमलनं चारी बाजूंनी, डोकं तिरकं करकरून पाहिलं. "अब ये कराची की लगती है." डोळे पुसले त्यानं. मी दुसरीकडे बघितलं.

आता पंचाईत — देवळापर्यंत नेणार कोण? मला चालवता येत नाही! लोकूमल फक्त पुसणारा. भाड्याचा ड्रायव्हर आणला तर तो फडकं मारल्याशिवाय राहायचा नाही.

बैल जुंपतो. हसू देत.

रविवार, २० फेब्रुवारी, महाशिवरात्र

हसले! दोर बांधून पुढे ढवळ्या-पवळ्या, आत चाक धरून मी, मोटरीवर धुतलेली ओली चादर. जत्रेतली पोरं मागून पळतायत. शरदचंद्र साहेब म्हणाले, "वा, म्हशीची बैलगाडी झाली की!" म्हटलं, साहेब, हसणं उरकून घ्या.

बारा वाजता चादर काढली. साहेब चष्मा लावून वाकले. बॉनेट, दारं, टप. रुमाल काढून घाम पुसला. पुन्हा वाकले. सूर्य एकच, गोल, भोवती काही नाही. लोकूमल हात मागे बांधून उभा.

साहेब सरळ झाले. दिलदार माणूस, खोटं बोलला नाही. मोठ्यानं म्हणाले, "मानलं, दौलतराव! आणि तो ड्रायव्हर हाकललात तेही उत्तम केलंत. असा हात गाडीला लागता कामा नये."

लोक टाळ्या वाजवत होते. तिथंच गप्प राहिलो असतो तर सगळं माझंच होतं. महिपतीदादा डोळ्यांनी खुणावत होता — चल, चल.

मी मडगार्डाशेजारी उभा राहिलो आणि भट्टीवर हाक मारतो त्या आवाजात म्हटलं, "रेघा माझ्या होत्या! माझ्या हातच्या. ह्या उपरण्यानं पाडल्या. अनंताचा हात स्वच्छ आहे. कुजकं होतं ते माझं तोंड."

टाळ्या थांबल्या. कुणीतरी फिसकन हसलं. हसू दे! दादा गर्दीत दिसेनासा झाला.

अनंता तिथंच होता, नारळवाल्यामागे. पुढे आला. माझ्याकडे बघितलं नाही. बैल सोडले, दोर गुंडाळला, किल्लीला हात पुढे केला. घरापर्यंत नीट आणली, खड्डे चुकवत. मी मागे बसलो होतो.

अंगणात उतरून किल्ली काशीच्या हातात दिली. "काकी, साहेबांनी तिथंच, बैल सोडताना विचारलं. उद्यापासून त्यांच्याकडे जातोय."

सोमवार, २१ फेब्रुवारी

जा म्हटलं. काय म्हणणार? साहेबांना ड्रायव्हर मीच मिळवून दिला, आणि तोही भर जत्रेत ओरडून! दादा म्हणतो, तोंड बंद ठेवलं असतंस तर मान राहिला असता आणि पोरगाही. दादाला म्हटलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओरडेन, आणखी मोठ्यानं.

मोटर अंगणात. कोंबडी तिच्यात तोंड बघते.

रविवार, २७ फेब्रुवारी

सकाळी सातला अनंता दारात. आज साहेबांकडे सुटी. म्हणाला, "काका, चला, बसा. मागे नाही — चाकावर." तासभर ओरडला माझ्यावर, "क्लच! काका, क्लच!" आणि मी पहिल्याच वळणावर फाटकाचा खांब घेतला. दारापासून मडगार्डापर्यंत पत्रा उघडा. ही रेघ कुणाच्या हातानं जायची नाही. अनंता उतरला, बघितलं, आणि पोट धरून खाली बसला. चार आठवड्यांनी त्याचं हसू ऐकलं.

मी क्लच दाबला. "सरक बाजूला. पुन्हा घेतो."