खाडीला मारलेलं औषध

आबा,

परवा दासगावच्या खाडीवर जाऊन आलो. खारबांधावर तुम्ही बसायचात, तिथेच बसलो. ओहोटीने चिखल उघडा पडला होता. त्यात एक निवटी उडताना दिसली. एवढीशी मासळी, पण बरं वाटलं.

शेतातलं पाणी खाडीत सोडायला बांधाची फळी उचलायची, पण निवटी उडताना दिसल्याशिवाय तुम्ही फळीला हात लावायचा नाहीत. मला शाळेला उशीर होतोय, आणि तुम्ही आपले बिडी विझवून चिखलाकडे बघत बसलाय. "निवटी उडतेय तवर चिखल जिता हाय रे," म्हणायचात. आईला त्या चिखलाशी देणंघेणं नव्हतं, तिला कालवणापुरत्या निवट्या मिळाल्या म्हणजे झालं.

तुमच्या माघारी लावणीच्या तोंडावर हमरस्त्यावर टँकर कलंडला आणि काळं तेल ओहोळातून खाडीत उतरलं. धाकट्याचा फोन आला तेव्हा मी समुद्रात, बोटीवर. माझं कामच ते, जहाजाचं तेल सांडलं की त्यावर औषध फवारायचं. मी म्हटलं, खाडीत औषध नको, पेंढा टाका, तेल वरच्या वर उचला. तो म्हणाला, "दादा, तू बोटीवरनं मारतोस ते चालतं, आन आमी मारलं तर नाय? रोपात तेल शिरलं तर खायचं काय?"

औषधाने तेल मरत नाही, आबा. त्याचे बारीक थेंब होतात आणि ते पाण्यात खाली उतरतं. भर समुद्रात खाली अफाट पाणी, तरी तिथेही मासळीला ते सुखाचं नाहीच. इथे तर गुडघाभर पाण्याखाली चिखल आणि चिखलात सगळी पिल्लं. फोनवर हे सांगेपर्यंत कुणीतरी औषधाचा ड्रम आणलाही होता. भातावर औषध मारायचे पंप पाठीला लावून सगळे ओहोटीच्या वेळी चिखलात उतरले आणि किडीवर मारतात तसं कोपरान् कोपरा मारून आले. तेल दिसेनासं झालं. लोकांनी खाडीला नारळ वाहिला. पुढे मेलेले खेकडे बांधाला लागले, मग तेही लागेनासे झाले.

धाकट्यावर चिडलो, पण त्याचं शेत वाचलं. खाडी पुन्हा मासळीने भरेल म्हणतात सगळे. माझ्या हयातीत भरेल असं मला वाटत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तरी वर तुम्हाला खोटं लिहिलं. निवटी दिसली नाही. भरती येऊन चिखल बुडेपर्यंत बसलो होतो, आबा.