एक दाबणारी माणसं

३ फेब्रुवारी, सोमवार

फोनवरच्या निरोपाला आवाज शगुफ्ताचाच घेतला.

मजकूर माझा. तीन वेळा खोडून, एकही शब्द जास्त नाही असा लिहिलेला. "बेहडाटोल्याच्या ग्रामसभेची बैठक वीस फेब्रुवारीला, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता आहे. येणार असाल तर एक दाबा. येणार नसाल तर दोन दाबा." सॉफ्टवेअर मी शिकून घेतलं, गावातल्या नंबरांची यादी मी भरली. मेसेज पाठवणारं जुनं सॉफ्टवेअर वर्षभर वापरतोय, त्यातही एक-दोन दाबूनच कळवायचं, पण गावात मेसेज कोणी वाचत नाही. हे नवीन आपणहून फोन लावतं आणि कोण येणार त्याचा आकडा देतं.

आज आमच्या संस्थेच्या सुनिलभाऊंनी दोघींचे आवाज रेकॉर्ड करून ऐकले. माझा ऐकून म्हणाले, "नंदिनी, तुझं आयकून वाटते का पेपर सुरू व्हायची घंटी झाली." सगळे हसले. मीही हसले.

शगुफ्तानं मजकूर वाचलासुद्धा नाही नीट. सुरुवातीलाच स्वतःचं घातलं – "राम राम, जय सेवा, जय भीम, मी शगू बोलून राह्यली!" – आणि भाऊ म्हणाले, बस, हाच.

४ फेब्रुवारी

तिचा आवाज चांगला आहे. हे मला लिहिता आलं पाहिजे, म्हणून लिहिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एकशे एकतीस!

गावात प्रौढ माणसं दोनशे बारा. निम्मी यायला हवीत, म्हणजे एकशे सहा. आणि आलेल्यांत एक तृतीयांश बाया. त्याशिवाय जंगलाच्या आराखड्याचा ठराव धरत नाहीत. डिसेंबरच्या बैठकीत एक्क्याऐंशीच जमले, जंगलखात्याचे साहेब चहा पिऊन परत गेले. आता साहेब फक्त वीस तारखेला येणार. या वेळीही माणसं कमी पडली तर फाईल गठ्ठ्याच्या तळाशी, आणि बांबू कधी तोडायचा, कोणता राखायचा हे पुन्हा दुसरेच ठरवणार. म्हणून भाऊंना आधी आकडा हवा होता. खरा आकडा.

तो मी दिला. फोन असलेली घरं एक्कावन्न, एका नंबराखाली त्या घरातली सगळी प्रौढ माणसं – ही मांडणी माझीच. एक्केचाळीस घरांनी एक दाबला. दोन कोणीच दाबला नाही.

सॉफ्टवेअर एक गोष्ट आणखी दाखवतं: फोन किती सेकंद ऐकला. निरोप बावीस सेकंदांचा. बऱ्याच घरांनी पुन्हा पुन्हा ऐकला आहे. एकानं सहा वेळा. माझा आवाज असता तर कोणी सहा वेळा ऐकला असता का?

हे दिसायला नको होतं. पण यादी रोज मीच उघडते.

८ फेब्रुवारी, शनिवार

शगुफ्ता आज बेहडाटोल्याला जाऊन आली. स्कूटीवर, वैनगंगेचा पूल ओलांडून, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. मलाही म्हणाली होती, "चल नं नंदू, मांगं बस." पण यंत्राजवळ कोणीतरी लागतंच.

परतली ती पायांवर लाल धूळ आणि पदरात कोणी दिलेली बोरं घेऊन. तिच्याकडे एक रजिस्टर असतं. त्यात रकाने नाहीत, काही नाही, नुसती घरं आणि घरांपुढे काहीतरी गिचमिड. भाऊंना म्हणाली, "भाऊ, मले तं सत्तरच्या वर दिसत नाई. घरंच्या घरं बंद आहेत."

मी म्हणाले, "सॉफ्टवेअर एकशे एकतीस सांगतंय."

"सांगत असन. मी तं डोयानं पाहून आली."

"दुपारी जाशील तर घरं बंदच असणार. लोक शेतावर, जंगलात. आणि तुझ्या रजिस्टरला पुरावा काय? अंदाजच ना? माझ्याकडे प्रत्येक नंबर, तारीख, वेळ आहे."

तिनं रजिस्टर मिटलं. मग म्हणाली, "असन बाप्पा. तुयं मशीन हुशार हाये. बोर खातं का?"

भाऊंनी माझा आकडा धरला. साहेबांना फोन करून सांगितलं – एकशे एकतीस पक्के.

बोरं मी घेतली नाहीत. संध्याकाळपर्यंत मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं की भीती वाटली.

९ फेब्रुवारी, रविवार

घरी. बाबांना सांगितलं की माझा आकडा धरला. बाबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "कोणाच्या हाती देल्लं होतं?"

"काय?"

"बलावणं. कोणाच्या हाती देल्लं?"

बाबा तेहतीस वर्षं पोस्टमन होते. लहानपणी मला सारखा ताप, आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेलेच नाही. बाबांनीच शिकवलं, ओसरीत, वाटायला न्यायच्या पत्रांचे पत्ते वाचायला लावून. पहिलं अख्खं वाक्य मी वाचलं ते म्हणजे कोणाचं तरी नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका. रजिस्टर पत्र ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात द्यायचं, हे मी बाराखडीबरोबर शिकले. बायको म्हणो, भाऊ म्हणो, शेजारी म्हणो – नाही. माणूस समोर पाहिजे. आणि रोज झोपण्याआधी दिवसातली एक चूक लिहायची, ही सवयही त्यांचीच.

मी म्हणाले, "फोनवर दिलं, बाबा. नंबर त्यांचेच आहेत."

"मंग बरं," म्हणाले. पण ते "मंग बरं" मला आवडलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज सहज – नाही, सहज नाही. बाबांमुळे. एक दाबलेल्या दहा नंबरांना मी स्वतः फोन लावला.

पहिले तीन बंद. बंद असल्याचं सांगणारी बाई तेलुगूत बोलली.

चौथा लागला, तोच सहा वेळा ऐकलेला नंबर. वारलू म्हणून माणूस. मागे बरीच माणसं, कुठेतरी ट्रॅक्टर.

"शगूबाई का?"

"नाही. मी ऑफिसातून नंदिनी. तुम्ही कुठे आहात?"

"मिरची तोडाले आलो न बाई. खम्मम इकडं. पोंगल झालं तसेच इकडं आलो आमी. टोलीतले तीसेक जन आहो."

"पण बैठकीला येतो म्हणून तुम्ही एक दाबला."

"दाबला नं."

"वीस तारखेला येणार?"

"वीसले कसं येऊ बाई? तोडाई होईपर्यंत मालक सोडते का? होळीले येऊ."

"मग एक का दाबला?"

त्यानं कोणाला तरी ट्रॅक्टर बंद करायला सांगितलं. मग म्हणाला, "बलावणं आलं तं नाई म्हणते का कोनी? दोन दाबलं असतं तं बाईले तिकडं वाईट वाटलं असतं." मग हसला. "इथी दिवसभर तेलगूच चालते. आपल्याकडचं बोलनं आलं फोनमंदी, तं स्पीकरवर टाकलं. सगळ्यायनं आयकलं. दुसऱ्या रोजी वापस लावला तं वापस तेच बोलली बाई. मजा आली."

त्याची बायको रुखमा गावातच आहे, म्हाताऱ्या सासूजवळ. तिच्याकडे फोन नाही. घरात एकच, तो वारलूबरोबर. मी विचारलं, रुखमाबाईंना बैठकीचं माहीत आहे का?

"मी सांगन नं घरी गेल्यावर."

दहापैकी सात फोन तेलंगणात. यादीत मिरचीला कोण गेलं, हा रकानाच नाही. दरवर्षी पोंगलनंतर जीप भरभरून जातात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि मी रकाना केला नाही.

१२ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही. का, ते इथे तरी लिहिते.

भाऊ रागावतील याची भीती आहे, पण ती अर्धीच गोष्ट. उरलेली अशी. काल मनात आलं – वीस तारखेला माणसं आलीच नाहीत, तर मला म्हणता येईल की मजकुरात खोट नव्हती. आवाजानं घोळ केला. लोकांनी बैठकीसाठी नाही, शगुफ्ताला वाईट वाटू नये म्हणून एक दाबला. माझा आवाज असता तर खरं उत्तर मिळालं असतं. परीक्षेच्या घंटेला कोणी खोटं बोलत नाही.

हे वाक्य मी मनात इतकं घोळवलं की ते मला पाठ झालं.

म्हणजे एका गावाचं जंगल गेलं तरी चालेल, पण तिचं कौतुक थांबलं पाहिजे. मी इतकी वाईट आहे हे मला माहीत नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. सकाळीच, चपला काढायच्या आधी.

सुनिलभाऊंनी यादी जवळ ओढली. मग म्हणाले, "कधी समजलं?" मी म्हणाले, मंगळवारी. "आज शनिवार हाये," एवढंच म्हणाले. ते मोठ्यानं बोलले असते तर बरं झालं असतं.

मला वाटलं शगुफ्ता आता म्हणेल, मी सांगत नव्हती का. मी त्याचीच वाट पाहत होते. तिनं म्हटलं असतं तर मला तिचा राग करता आला असता. ती म्हणाली, "वारलूभाऊ सहा वेळा आयकले? खरंच?" आणि डोळे पुसायला लागली. मग नाक ओढून, "होळीले येतेत म्हणते नं? मंग बैठक होळीनंतर घ्या नं भाऊ. एवढ्यात काऊन मरून राह्यलो आपण?"

भाऊ साहेबांकडे जाऊन बसले. दोन तास. साहेबांची बोलणी खाल्ली आणि तारीख आणली – सतरा मार्च. ही शेवटची, असं बजावून.

मी यादी मोडली. आता एका नंबराखाली घर नाही, प्रत्येक माणसाची वेगळी ओळ. एक रकाना "गावात आहे का". एक रकाना "समोर बसून विचारलं का". तो रकाना फोननं भरता येत नाही.

"चल, दोघी जाऊ," शगुफ्ता म्हणाली. मी म्हणाले, तू विचार, मी इथून भरते. कोणीतरी इथे लागतंच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस गाव महाशिवरात्रीच्या, मार्कंड्याच्या जत्रेला गेलेलं होतं. शगुफ्ताही तिथेच गेली. म्हणे बाया तिथे निवांत भेटतात, घरी सासू ऐकते. नदीच्या रेतीत बसून एकोणीस बायांना विचारून आली. तिथून फोनवर एकेक नाव सांगत होती, मी भरत होते. मागे पिपाण्या, पोरांचा गलका, आणि बाया तिला म्हणत होत्या, "शगूबाई, चिवडा खाय नं वं."

रुखमाबाईंचा निरोप आला. "फोन त्यायच्यापाशी हाये म्हून का बैठक बी त्यायचीच हाये का? मी येतो."

मला फार हसू आलं. मग कसंतरी झालं. हे रुखमाबाई माझ्याशी नाही बोलल्या. या एकोणीस जणींतलं माझ्याशी कोणीच बोललेलं नाही, मी ते टाईप केलं.

१५ मार्च, शनिवार

होळी झाली. मिरचीला गेलेल्या टोल्या परत आल्या. यादी पूर्ण.

एकशे चोवीस येणार, त्यात बाया एकोणसाठ. सगळ्यांना समोर बसून विचारलेलं. बाकीचे 'पाहू' म्हणाले, पण सतरा जणांनी चक्क नाही म्हटलं. ते सतरा पाहून मला सर्वांत जास्त धीर आला.

ऑफिसच्या माणसांनाही सॉफ्टवेअरवर कळवायचं असतं. आम्ही पाच. मी एक दाबला. जीप सोमवारी सातला निघणार.

१७ मार्च, सोमवार

झालं. एकशे सतरा! बाया पंचावन्न. साहेबांनी स्वतः दोनदा मोजले. ठराव झाला, सह्या आणि अंगठे झाले. बांबूचं आता गाव ठरवेल.

मी गेले नाही. सकाळी पोटात मुरडा आला. शिवाय यादी चालू हवी होती, कोणी पाहायचं? भाऊ फोनवर नावं सांगत गेले, मी त्यांच्या ओळी हिरव्या करत गेले.

शगुफ्तानं फोटो पाठवले. मोहाखाली सगळे बसलेले, फुलं पडायला लागली आहेत. एकात रुखमाबाई – नाव खाली लिहिलंय म्हणून कळलं – पुढच्या रांगेत, हात वर. वारलू असेल तो मागे उभा. आणि मधोमध शगुफ्ता, दोन म्हाताऱ्यांनी तिचे हात धरून ठेवलेले.

मी तो फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा तेच. सगळं नीट झालं, माझ्या रकान्यांमुळे झालं असं भाऊही म्हणाले, आणि मला हवे होते ते त्या दोन म्हाताऱ्यांचे हात.

१८ मार्च, मंगळवार

सॉफ्टवेअरनं आज जुन्या नोंदी धरून वर्षाचा तक्ता काढून दिला. येतो म्हटलं आणि आले नाहीत, अशा माणसांची यादी, जास्त वेळा न आलेला वर. पहिलं नाव माझं. पाच बैठका, पाच होकार, शून्य हजेरी. दर वेळी दाबताना मला खरंच जायचं होतं.

तक्ता मिटवूनच टाकणार होते. त्याआधी तो खरा आहे का हे ताडून पाहायला शगुफ्ताचं रजिस्टर उघडलं. शेवटच्या पानावर ती जेवणाचा हिशोब धरते. पाचही बैठकांना ऑफिसची माणसं चार. एका तारखेपुढे बारीक अक्षरात: "नंदू एक दाबन. तिचं ताट धरू नये. काऊन आली नाई म्हून विचारू नये, तिले वाईट वाटते."

तारीख मागच्या वर्षाच्या एप्रिलची आहे.

तक्ता मिटवला नाही. भाऊंच्या टेबलावर ठेवला, माझं नाव वर.