चहा करता येतो का?

ती. ताईस,
धाकटीचा नमस्कार. भाऊजींनाही सांग.

तुला आठवतं का, शाळेच्या वसतिगृहात सकाळी न्याहारीच्या आधी आपण सगळ्या ओळीने उभ्या राहायचो आणि मोठ्या सिस्टर एकेकीसमोर थांबून ‘हाउ आर यू टुडे?’ असं विचारायच्या? एका हिवाळ्यात तुला गालगुंड झालं होतं. गाल इतका सुजला होता की माझ्या बाजूने तुझं नाकसुद्धा दिसत नव्हतं. अंगात ताप. तरी सिस्टर समोर आल्यावर तू जेवढं उघडेल तेवढं तोंड उघडून म्हणालीस, ‘व्हेरी वेल, थँक यू, सिस्टर.’ सिस्टर ‘गुड’ म्हणून पुढे सरकल्या. मला काहीच झालेलं नव्हतं, पण तुझ्याकडे बघून रडू येत होतं, तर तू मागून माझा फ्रॉक ओढलास आणि मीही व्हेरी वेल म्हटलं. एवढीच ती सकाळ. हल्ली ती मला फार आठवते. का, ते पुढे येईलच.

तुझी तब्येत कशी आहे? फिरायला जातेस ना? भाऊजींना ऐकू न येणं वाढलंय, की अजून सोयीप्रमाणेच आहे? (हे त्यांना वाचून दाखवलंस तरी हरकत नाही, नेमकं एवढंच ऐकू येणार नाही.) इकडे मी मजेत. संधिवात आहे तिथेच आहे. तो काही मला सोडून जाणाऱ्यांतला नाही, आणि असं ज्याच्याबद्दल खात्रीने म्हणावं असं आता दुसरं कोणी नाही, तेव्हा त्याला फार बोल लावत नाही.

आता मूळ गोष्ट. माझ्या हातापायांपायी मला सरकारकडून भत्ता मिळतो (मिळत होता, पण क्रमाने सांगते). त्यातून खोलीचं भाडं निघतं आणि सकाळी तासभर एक मदतनीस बाई येते. ती मला आंघोळ घालते, बटणं लावते, केस विंचरते. यंदा वरच्या लोकांच्या लक्षात आलं की अपंग माणसं फारच झाली आहेत, तेव्हा ती कमी करावीत. माणसं कमी करणं अवघड, म्हणून त्यांनी भत्ते कमी करायला घेतले, आणि घरोघर तपासनीस पाठवायचं ठरलं. माझ्याकडे कोणी येणार हे कळलं तेव्हा, ताई, हसू नकोस, मला आनंद झाला. माझ्याकडे शेवटचा पाहुणा आला होता तो गॅसची नळी बदलणारा, आणि त्यालाही खरं म्हणजे शेजारी जायचं होतं. (तरी मी त्याला बसवून घेतलं होतं.)

मग काय विचारतेस! पडदे धुऊन घेतले. त्या सकाळी दुखण्याच्या गोळ्या दोन वेळच्या एकदम घेतल्या, कारण पाहुण्यासमोर कण्हणं बरं दिसत नाही. काठी कपाटात ठेवली, दारात अडगळ वाटते. मोत्यांची माळ घालून बसले. आली ती अगदी कोवळी मुलगी, बूट भिजलेले, नाक लाल, हातातल्या यंत्रावर बोट ठेवून उभी. पहिलाच प्रश्न, कशा आहात? मी म्हटलं, ‘मजेत! तू आधी बस बघू, किती भिजलीस!’ बसली. मग मान खाली घालून तिने हळूच विचारलं, ‘तुम्हाला चहा करता येतो का?’ आता तूच सांग, भिजलेली पाहुणी मान खाली घालून चहाचा विषय काढते, त्याचा अर्थ आपल्यासारखीने काय घ्यायचा? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आल्याआल्या आपणच कसं विचारलं नाही! उठले. ओट्याला पोट टेकून उभी राहिले, भांडं दोन्ही तळव्यांत धरलं (बोटं मिटत नाहीत), साखरेच्या डब्याचं झाकण दातांनी काढलं (तिच्याकडे पाठ करून, अर्थात) आणि तिला चहा दिला. तिने दोन बिस्किटंही खाल्ली. बाहेर जाता का? जाते की. (दातांच्या डॉक्टरांकडे, मागच्या वर्षी.) माणसं येतात का? अगं, रीघ असते! जाताना ती म्हणाली, ‘मावशी, तुमच्याकडे फार बरं वाटलं.’ त्या एका वाक्यावर मी आठवडा काढला. बराचसा अंथरुणातच.

मग निकाल आला. अर्जदार प्रसन्न. घर टापटीप. स्वतःसाठी व पाहुण्यांसाठी चहा करते. लोकांत मिसळते. भत्ता बंद. ताई, माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी लिहिलं नव्हतं. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाले तेव्हाच्या भाषणांतही नाही. मी ते पुन्हा एकदा वाचलं, भिंत धरली आणि खाली बसले. बसले ती बसलेच, उठता येईना. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना धप्प आवाज आला म्हणून त्या तोंडात टाचणी धरूनच वर आल्या. मला उठवून बसवलं, निकाल वाचला, टाचणी काढली आणि म्हणाल्या, ‘तुमची पण अक्कल आमच्या पोरीएवढीच!’

त्यांच्या मुलीच्या पायांना लोखंडी पट्ट्या आहेत. तिच्या तपासणीला आलेल्या माणसाने म्हटलं, जरा चालून दाखव. पोरीकडे कोणी कधी असं कौतुकाने बघितलेलं नाही, ती खोलीभर चालली आणि वर गिरकी घेऊन दाखवली. त्याने टाळ्या वाजवल्या आणि भत्ता अर्ध्यावर आणला. (पट्ट्यांखाली कातडी सोलली होती, ती संध्याकाळी दिसली.) तेव्हापासून ती शाळेच्या डब्यातलं अर्धंच खाते आणि उरलेलं झाकून धाकट्या भावासाठी घरी आणते. अर्धंच खायचं, पण मैत्रिणींच्या बरोबरीने संपवायचं, म्हणून सावकाश चावत बसते. हे मला तिनेच सांगितलं, एखादी युक्ती सांगावी तसं.

तर शिंपीणबाई मला वस्तीतल्या लोकांनी काढलेल्या समितीत घेऊन गेल्या. मुलांच्या पोटाचं आणि आमच्यासारख्यांच्या भत्त्यांचं, अशी दोन्ही गाऱ्हाणी एकाच समितीत चालतात, कारण बहुतेक घरांत ती एकाच चुलीवर असतात. समिती लाँड्रीच्या मागच्या खोलीत भरते. इस्त्रीची ऊब येते, बसून राहावंसं वाटतं. सेक्रेटरी खुर्च्या विणतात, त्यांना दिसत नाही, आणि ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे इतकं नेमकं तोंड करतात की खोटं बोलायची सोय राहत नाही. मी पूर्वी एक्सचेंजमध्ये होते हे कळल्यापासून तिथे माझं नाव हॅलोबाई. फेरतपासणीची वेळ आली तर खरं बोलता यावं म्हणून तिथे तालीम चालते. सेक्रेटरी एकेकाला विचारतात, कशा आहात? आणि खरं उत्तर द्यायचं. शिंपीणबाई पहिल्या फटक्यात पास: ‘पाठ मोडलीये, घरात पीठ नाही, आणि तुमचा हा प्रश्न मी आज तिसऱ्यांदा ऐकतेय!’ मी मात्र नापास. तोंड उघडलं की ‘मजेत’ बाहेर पडतं, पाठोपाठ ‘आणि आपण?’ सेक्रेटरी म्हणाले, ‘हॅलोबाई, पुन्हा.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. शेवटी ते म्हणाले, तुम्ही मुद्दाम नापास होता की काय? आठवड्याभरात मला समोर बसून कोणी ‘कशा आहात’ विचारतं ते तिथेच, ताई, आणि उत्तर चुकलं तरच पुन्हा विचारतात.

मग भत्त्याच्या ऑफिसवर मोर्चा निघाला. फलक लिहायचं काम माझ्याकडे आलं (ब्रश मुठीत धरता येतो). मी लिहिलं, ‘कृपया भत्ता कापू नये, ही नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व.’ रस्त्यातल्या एका गृहस्थांनी तो वाचून टोपी काढली, त्यांना वाटलं कोणीतरी गेलं. ऑफिससमोर आम्ही सकाळभर घोषणा दिल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी खिडकी लावून घेतली. घसे बसले तसा कोणीतरी भोंगा माझ्या तोंडापुढे धरला. घोषणा काही मला सुचेना, जन्मभराची सवय तेवढी तोंडातून निघाली: ‘दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांसाठी निरोप आहे. कृपया खाली यावे. धन्यवाद.’ आणि काय सांगू, साहेब आले! कानावर पेन्सिल, हातात रुमाल, ‘कोणाचा निरोप?’ असं विचारत थेट आमच्या मधोमध. तिथे आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर मागे शिंपीणबाई उभ्या होत्या. साहेब सभ्य गृहस्थ. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी मलाच विचारलं, ‘आपण कशा आहात?’

सगळा मोर्चा श्वास रोखून उभा. मी म्हटलं, ‘मजेत. आणि आपण?’

सेक्रेटरींनी कपाळावर हात मारून घेतला. शिंपीणबाई कडाडल्या, ‘कसल्या मजेत! साहेब, हिचं काही ऐकू नका. हिची बटणं आज सकाळी मी लावलीत. लावली नसती ना, तर तुम्हाला मजेत दिसायला ही खाली आलीच नसती! आणि तुम्ही हो हॅलोबाई, जीव जातानासुद्धा विचाराल, आपण कशा आहात!’ साहेब म्हणाले, मग तपासणीत यांनी तसं सांगायचं होतं. ‘माणसं असं सांगतात होय? माझी पोरगी अर्धा डबा झाकून ठेवते आणि विचारलं तर पोट भरलं म्हणते. लिहा, पोरीची भूक उत्तम! लिहा की!’ साहेबांनी पेन्सिल कानावरून काढली, पण लिहिलं काहीच नाही. शिंपीणबाईंना बिलगून उभ्या असलेल्या मुलीच्या पायांतल्या पट्ट्या त्यांनी वाकून बघितल्या. शेवटी माझी आणि त्या मुलीची तपासणी पुन्हा घ्यायचं कबूल करूनच ते वर गेले. लोकांनी माझ्या नावाने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी घरी येऊन दिवा लावला तर खोलीत इतकं शांत होतं की कानांत त्या टाळ्याच वाजत राहिल्या.

असो. हात थकला. आपल्या घरच्या थोरामोठ्यांत आता तूच उरलीस, तेव्हा सगळे नमस्कार तुलाच. काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. १. (हे साहेबांसाठी.) मला केस विंचरता येत नाहीत. नळ घट्ट असला तर उघडता येत नाही, सैल असला तर बंद करता येत नाही. मदतनीस बाई बंद झाल्यापासून शिंपीणबाईंना वेळ असेल त्या दिवशी माझी आंघोळ होते. जिना एकटीने उतरता येत नाही. चहा मी त्या दिवसानंतर केलेला नाही. भाडं आता भरता येत नाही, आणि भत्ता परत मिळाला नाही तर ही खोली सोडून मला निराधार बायकांच्या निवासात जावं लागेल. रविवारी ताईशी बोलताना मला फोन धरता येत नाही. तो उशीवर ठेवते आणि त्याच्या शेजारी आडवी होते. हे पत्र एका बैठकीत लिहिलेलं नाही, जिथे अक्षर बदललंय तिथे दिवस बदलला असं समजावं.

ता. क. २. (हे तुझ्यासाठी.) एकट्या राहणाऱ्या माणसाच्या फेरतपासणीला रक्ताच्या नात्यातलं कोणीतरी हजर पाहिजे, असा नियम आहे. शेजारीण चालत नाही. तपासणी पुढच्या गुरुवारी सकाळी आहे. तू यायचंस आणि मी मजेत म्हटलं की ‘खोटं आहे’ म्हणायचं. तुला जमेल का हीच शंका वाटते, तू तर माझ्याही वरच्या वर्गात होतीस. दर रविवारी मी तुला मजेत सांगते आणि तूही मला मजेत सांगतेस. आलीस की तुझंही खरं काय ते सांग.

ता. क. ३. कोणाला काय, ते नीट लक्षात ठेव. वरचं विनोदाचं सगळं भाऊजींना वाचून दाखव, त्यांना हसायला आवडतं. ता. क. एक फाडून साहेबांच्या हातात दे, माझ्या देखत देऊ नकोस. भाऊजींचे न वापरलेले सुती शर्ट शिंपीणबाईंना आण, पण उसवायला दिलेत असं म्हण. त्यांच्या मुलीसाठी खायचा मोठा डबा आण आणि सगळ्यांसमोर उघड. तिला भूक आहे का असं विचारायचं नाही, नुसतं वाढायचं. भावाच्या वाटचं वेगळं बांध आणि ते तिला आधीच दाखव, म्हणजे ती स्वतःच्या वाटचं खाईल. पाकिटाच्या तळाशी दाराची दुसरी किल्ली चिकटवली आहे, ती तुझी. बुधवारीच ये, आणि बेल वाजवू नकोस. बेल ऐकली की मी उठून आवरायला लागेन.